डोरोथी वर्ड्‌स्वर्थच्या वहीतून विल्यमने काय नेलं, काय तिथेच राहिलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेत पाठ केलेली इंग्रज कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिलची कविता मुळात त्याच्या बहिणीच्या, डोरोथीच्या, डायरीतून उचललेली आहे, असं तुम्ही कुठेतरी वाचलंत. मग याला चोरी म्हणायचं का? एवढं चांगलं लिहिणारी बाई लेखिका म्हणून पुढे का आली नाही? आणि डायरी वाचायचीच झाली तर सुरुवात कुठून करायची?

मी तालुक्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीचशी या भाऊबहिणीच्या संगतीत गेली. खरं सांगायचं तर पहिली दहा-बारा वर्षं मीसुद्धा वर्गात ‘चोरी’ हाच शब्द वापरत होते. जेवणानंतरच्या तासाला डुलक्या काढणारी मुलं त्या शब्दाने खडबडून जागी होतात. फळ्याच्या डाव्या बाजूला डायरी, उजव्या बाजूला कविता, मधे रेघ. खटला चालवायचा आणि निकालही आपणच द्यायचा. एके वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी, जिने तोवर वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं, उभी राहून म्हणाली, “मॅडम, डावीकडची काही फुलं दमलीत. उजवीकडे एकही दमलेलं नाही. मग त्याने चोरलं काय?”

तास संपल्यावर मी डायरी पुन्हा काढून बसले. त्या मुलीचा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला होता.

आधी ती नोंदच बघू. तारीख १५ एप्रिल १८०२, वार गुरुवार. इंग्लंडच्या वायव्येला तळ्यांचा डोंगराळ मुलूख आहे, त्यातल्या अल्सवॉटर तळ्याच्या टोकाशी राहणाऱ्या क्लार्कसन या स्नेह्यांकडून दोघं पायी ग्रासमियरला, घरी निघाली होती. वारा असा की श्वास कोंडावा. परत फिरावं की काय असंही मनात आलेलं. गोबॅरो पार्कच्या रानापुढे गेल्यावर पाण्याच्या कडेला चार-दोन पिवळी फुलं दिसतात. डोरोथीला वाटतं, तळ्यानेच बिया वाहून आणून काठाला लावल्या असतील. पुढे आणखी फुलं, पुढे आणखी, आणि शेवटी झाडांखालून काठाकाठाने गेलेला लांबच लांब पट्टा, टोलनाक्याच्या सडकेएवढा रुंद. शेवाळलेल्या दगडांच्या मधून, अवतीभवती उगवलेली फुलं. काहींनी दमून दगडावर मान टाकलेली, जणू उशीवर. बाकीची डुलतायत, झोकांड्या खातायत, नाचतायत, तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर खरंच हसतायत असं वाटावं.

मुलांना मी नेहमी इथपर्यंतच द्यायचे. नोंद मात्र पुढे चालूच राहते. पाऊस येतो, दोघं भिजतात, पॅटरडेलच्या सराईत मुक्काम करतात. मालकीण आंबट तोंडाने बघते, पण तिचा स्वभावच तसा, असं डोरोथी लगेच सांभाळून घेते. जेवायला हॅम आणि बटाटे, दोन्ही छान. निघताना सात शिलिंग दिले. खिडकीच्या कोपऱ्यात पुस्तकांचा ढीग पडलेला, त्यातली काही विल्यमने उपसून काढली. गरम पाण्यात घातलेली रम झाली, आणि मेरी इथे हवी होती असं दोघांना वाटलं. मेरी म्हणजे मेरी हचिन्सन. सहा महिन्यांनी ती विल्यमची बायको होणार होती.

विल्यमने कविता लिहिली १८०४ मध्ये, म्हणजे दोन वर्षं उलटल्यावर. छापली १८०७ मध्ये. आकाशगंगेतल्या चांदण्यांचं कडवं आणखी मागाहून, १८१५ च्या आवृत्तीत आलं. कवितेत बहीण नाही, पाऊस नाही, सात शिलिंग नाहीत. एक एकटा माणूस ढगासारखा भटकतोय, आणि फुलं सगळीच्या सगळी ताजीतवानी. आणि जो शेवट सगळ्यांच्या लक्षात राहतो, एकांतात मनाच्या डोळ्यापुढे फुलं लखकन् उभी राहतात तो, त्यातल्या दोन सर्वोत्तम ओळी मेरीच्या आहेत हे विल्यमने स्वतःच सांगून ठेवलंय. चोरीचा खटला चालवायचा तर आरोपपत्रात बायकोचंही नाव घालावं लागेल, तेही फिर्यादी म्हणून.

माझं मत असं, की चोरीला आधी दोन घरं लागतात. इथे घर एक होतं, आणि ते एक होण्यामागे एक जुनं तुटणं होतं.

विल्यम १७७० चा, डोरोथी १७७१ च्या नाताळच्या दिवशी जन्मलेली. कॉकरमथ गावात वडील लाउदर नावाच्या बड्या जमीनदाराचे वकील आणि कारभारी. चार भाऊ आणि ही एकटी बहीण. १७७८ मध्ये आई गेली आणि सहा वर्षांच्या डोरोथीला हॅलिफॅक्सला, आईच्या चुलत बहिणीकडे धाडलं. भाऊ शाळेत. १७८३ च्या अखेरीस वडीलही गेले. जमीनदाराकडे त्यांचे हजारो पौंड येणं होतं. त्याने जिवंत असेतो ते दिलं नाही आणि ही पाच भावंडं नातेवाइकांच्या उपकारावर वाढली. आईमागे वडिलांच्या छपराखाली आपण पुन्हा एकदाही पाऊल टाकलं नाही, हे डोरोथीने पुढे तिशी ओलांडल्यावर एका पत्रात लिहिलंय. जन्मदिवस नाताळचा, आणि त्या दिवशीही कुणी घरी बोलावलं नाही. भावांची पुन्हा नीट गाठ पडली ती १७८७ मध्ये, नऊ वर्षांनी. ज्या वयात भाऊबहीण एकमेकांच्या खोड्या काढतात, ते वय या दोघांनी वेगवेगळ्या गावी काढलं. जात्यावरच्या ओव्यांतून भावाची वाट पाहणारी बहीण आपल्याला परकी नाही. फरक इतकाच की हिला वाट पाहायला माहेरही नव्हतं.

म्हणून ‘आपण दोघं एका घरात राहू’ हा त्यांचा कित्येक वर्षांचा बेत होता. १७९५ मध्ये रेज्ली कॅल्व्हर्ट नावाचा तरुण मित्र क्षयाने गेला आणि विल्यमला ९०० पौंड ठेवून गेला, तेव्हा कुठे ते जमलं. आधी डॉर्सेटमधलं रेसडाउन, मग १७९७ मध्ये कवी मित्र कोलरिजच्या शेजारी अल्फॉक्सडेन, मध्ये जर्मनीतला एक गोठवणारा हिवाळा, आणि २० डिसेंबर १७९९ ला ग्रासमियरचं ते घर, ज्याला आज डव्ह कॉटेज म्हणतात. पूर्वी ती सराय होती. वरच्या एका खोलीला ऊब राहावी म्हणून डोरोथीने भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवली. मॉली फिशर नावाची शेजारीण आठवड्याला दोन शिलिंगांवर कामाला यायची. भाकरी भाजणं, पाई करणं, कपडे, वाटाणा-घेवड्याची लागवड, पत्रं आली का बघायला अँबलसाइडपर्यंत चालत जाणं, आणि भावाच्या कविता सुवाच्य उतरवून काढणं ही डोरोथीची कामं. त्याच्या ‘प्रिल्यूड’ या दीर्घकाव्याची १८०५ ची तेरा सर्गांची एक अख्खी प्रत तिच्या हातची आहे. तिच्या वह्यांतही त्याच्या कवितांचे तुकडे सापडतात. कागद महाग होता. वही कुणाची हा प्रश्न त्या घरात फारसा पडत नसावा.

आता डायरीच्या जन्माकडे या. १४ मे १८००. विल्यम आणि धाकटा भाऊ जॉन यॉर्कशरला निघाले. जेवणानंतर अडीच वाजता, खिशात डुकराच्या मांसाचे थंड तुकडे घेऊन. हे डायरीचं पहिलंच वाक्य आहे आणि मला ते फार आवडतं. विरहाचं पान, पण खिशात काय होतं ते आधी. तळ्याच्या काठी दगडावर बसून ती रडली, मन हलकं झाल्यावर उठली आणि वाटेत दिसलेल्या रानफुलांची यादी करायला लागली. त्याच नोंदीत ती लिहिते की भाऊ परत येईपर्यंत रोजनिशी लिहायची. कारण एक तर आपल्याला आपल्याशीच भांडायचं नाही, आणि दुसरं, विल्यम आल्यावर त्याला ती वाचून आनंद होईल.

म्हणजे पहिल्या दिवसापासून ही वही त्याच्या वाचण्यासाठी आहे. ‘खासगी डायरी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कुलूपबंद पेटी येते, ती इथे विसरा. फडताळातल्या डब्यासारखी ही वही होती. घालणारी एक, पण हात कुणीही घालावा. मात्र दुसरं कारण ऐकताना पहिलं विसरू नका. ‘स्वतःशी भांडण नको’ हे कारण भावासाठी नाही, ते तिचं एकटीचं आहे. पुढची पावणेतीन वर्षं डायरी या दोन कारणांच्या मधे झोके घेत राहते.

डब्यात हात घातला की नेहमी गोडच लागायचं असंही नाही. या डायरीतला माझा सगळ्यात लाडका प्रसंग १३ मार्च १८०२ चा. त्याची पूर्वपीठिका दोन वर्षं जुनी. मे १८०० मध्ये एक विलक्षण उंच बाई भीक मागायला दाराशी आली होती. पांढरीशुभ्र टोपी, लांब तपकिरी झगा, हाताशी अनवाणी मूल. डोरोथीने तिला भाकरीचा तुकडा दिला. पुढे रस्त्यात दोन पोरं फुलपाखरामागे धावताना दिसली, टोप्यांत फुलंपानं खोचलेली. हिला बघताच रडका सूर लावून हात पसरले. ही म्हणाली, तुमच्या आईला मी सकाळीच दिलंय. चेहरे इतके सारखे की चूक शक्यच नव्हती. थोरला म्हणतो, छे, आमची आई तर मेलीय! आणि परतताना डोरोथीला तीच आई गाढवं हाकत येताना भेटते.

तर त्या मार्चच्या संध्याकाळी विल्यम भिकाऱ्यांच्या याच प्रसंगावर कविता लिहायला बसला होता आणि अडला होता. चहानंतर डोरोथीने मदत म्हणून आपली जुनी नोंद त्याला वाचून दाखवली. आणि घोळ झाला. त्याला त्या शब्दांतून सुटताच येईना, असं तीच लिहिते. कविता अर्धीच टाकून तो थकून झोपायला गेला.

चोरी म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ज्याला उचलायचं असतं त्याच्यासाठी तयार शब्द म्हणजे सोय. याला ते शब्द अडथळा झाले, कारण ते पुरे होते, त्यांत घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. बहिणीचं गद्य भावाच्या कवितेच्या वाटेत आडवं आलं. एखाद्या लेखिकेला यापेक्षा मोठी पावती काय हवी? आणि ती स्वतः मात्र त्याला ‘दुर्दैव’ म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच त्याने ती कविता पुरी केली. मग दोघं न्याहारीला बसली. बोलता बोलता फुलपाखरांचा विषय निघाला. डोरोथी म्हणाली, लहानपणी मीही थोडीफार मागे धावायचे, पण पंखांवरची भुकटी झडेल या भीतीने पकडत नसे. विल्यमपुढे सुपाचा वाडगा तसाच, बशीत पावलोणी तसंच. पायात मोजे नाहीत, सदऱ्याची गळ्याची गुंडी उघडी, आणि तो फुलपाखरावरची कविता लिहीत बसलाय. कवितेत भुकटीला जपणारी ती बहीण आहे, फक्त नाव बदलून एमेलिन झालंय. सूप निवलं ते मात्र आपल्याला डायरीतूनच कळतं.

आता जळवांच्या म्हाताऱ्याकडे येते. काय गळलं हे पाहायला याहून चांगलं उदाहरण नाही. ३ ऑक्टोबर १८०० ची नोंद. दोघांना वाटेत एक म्हातारा भेटला होता, जवळजवळ दुमडलेला, खांद्यावर जादा कोट, पुढे एप्रन, डोक्याला रात्रीची टोपी. धंदा जळवा धरण्याचा. औषधासाठी रक्त काढायला त्या काळी जळवांना केवढी मागणी! पण जळवा मिळेनाशा झालेल्या. का, तेही म्हाताऱ्याने सांगितलं: यंदा पाऊस कमी, शिवाय लोकांनी उपसून नेल्यात आणि त्या वाढतात सावकाश. पूर्वी शंभराला अडीच शिलिंग भाव होता, आता तीस. दहा मुलं झाली, त्यातलं एक उरलं, तो खलाशी. गाडी हाकताना अपघात झाला, पाय मोडला, कवटी फुटली. अंगात धंदा करण्याची ताकद नाही, म्हणून भीक मागतो, आणि कार्लाइलला जाऊन चार धार्मिक पुस्तकं घ्यावीत, विकावीत असा बेत आहे. उजेड जायची वेळ होती, एवढं सांगून नोंद थांबते.

दीड-पावणेदोन वर्षांनी विल्यमने त्यावर जी कविता लिहिली ती त्याच्या थोरांतली एक आहे, याबद्दल माझा वाद नाही. तिथे कवी एकटाच माळावर आहे. पुढे आपलं कसं होणार, या भीतीने खचलेला. म्हातारा डबक्याकाठी उभा. एखाद्या प्रचंड शिळेसारखा, समुद्रातून वर येऊन उन्हाला पडलेल्या प्राण्यासारखा. आणि तो अजून जळवा धरतोय, कमी मिळाल्या तरी नेटाने. त्याला बघून कवीला धीर येतो. कवितेला असा म्हातारा हवाच होता. पण खऱ्या म्हाताऱ्याने धंदा सोडला होता, हे विसरू नका. भीक मागणाऱ्या माणसाकडून धीर घेणं अवघड. म्हणून त्याला पुन्हा पाण्यात उभं केलं. आणि तो भाव, अडीचाचे तीस, तो कवितेत नाही. तुम्हाला १८०० सालच्या उत्तर इंग्लंडमधल्या गरीब माणसाची हकीकत हवी असेल तर कविता बाजूला ठेवून वहीच उघडावी लागते.

यावर डोरोथीला काय वाटत होतं? तिने भावाची बाजू घेतली, आणि तीही कडक शब्दांत. कवितेचा पहिला खर्डा मेरी आणि तिची बहीण सेरा यांना पाठवला होता. सेराला म्हाताऱ्याचं बोलणं कंटाळवाणं वाटलं. जून १८०२ च्या पत्रात डोरोथी त्या दोघींना फटकारते: कविता आवडली नाही तर आधी स्वतःला विचारा की तिचा खरा रोख आपल्याला कळला का, आणि एखादी गोष्ट घडली, एवढ्यासाठी विल्यम लिहितो असं कधीही समजू नका.

गंमत बघा. विल्यम तसा लिहीत नसेल, पण ती स्वतः नेमकी तशीच लिहायची. घडलं म्हणून लिहिलं. मार्च १७९८ मध्ये, अल्फॉक्सडेनला असताना, झाडाच्या शेंड्यावर उरलेलं एकच पान वाऱ्यात चिंधीसारखं गरागरा फिरताना तिने पाहिलं आणि टिपलं. तेच शेवटचं पान कोलरिजच्या ‘क्रिस्टाबेल’मध्ये आपल्या कुळातलं शेवटचं म्हणून नाचतं. कोलरिजने त्याला कूळ दिलं. हिच्या वहीत ते नुसतं पान आहे, चिंधीसारखं. दोन मोठे कवी एका बाईच्या डोळ्यांवर पोसले गेले असं म्हणायचा मोह होतो, आणि विल्यमने तर तिने मला डोळे दिले, कान दिले असं कवितेत कबूलही केलंय. पण त्या डोळ्यांचं कौतुक करताना आपण तिला कच्चा माल पुरवणारी ठरवून मोकळे होतो. चिंधीची उपमा कच्ची नाही. ती लिहिणाऱ्या माणसाने केलेली निवड आहे.

विद्यार्थी हमखास विचारतात, म्हणून लग्नाबद्दल थोडं. ४ ऑक्टोबर १८०२ ला यॉर्कशरमधल्या ब्रॉम्प्टनच्या चर्चमध्ये विल्यम-मेरीचं लग्न झालं. डोरोथी चर्चमध्ये गेलीच नाही, वरच्या खोलीत थांबली. आदल्या रात्रभर लग्नाची अंगठी तिच्या बोटात होती, सकाळी तिने ती भावाला दिली. या ओळींवर नंतर कुणीतरी शाई फिरवलीय आणि अभ्यासकांनी त्या कष्टाने वाचल्यात. यावरून भलभलते निष्कर्ष काढणारे लेख तुम्हाला शेकड्याने मिळतील. मला त्या पानात एक तीस वर्षांची बाई दिसते, जिचं एकुलतं एक घर त्या दिवशी तिसऱ्या माणसाबरोबर वाटलं जाणार होतं. ती तिसरी व्यक्ती तिची जिवाभावाची मैत्रीण होती, आणि पुढे तिघं अर्धं शतक एका छपराखाली राहिली, हेही विसरून चालत नाही. त्याच ऑगस्टमध्ये विल्यम फ्रान्सला कॅलेला जाऊन आपल्या आधीच्या प्रेयसीला, अ‍ॅनेट व्हालाँला, आणि तिच्यापासून झालेल्या मुलीला भेटून आला. तेव्हाही सोबतीला डोरोथीच होती.

मग ती लेखिका का झाली नाही? ‘त्या काळी बायकांना मुभा नव्हती’ हे उत्तर मला आळशी वाटतं. त्या काळी इंग्लंडात बायका कादंबऱ्या छापत होत्या, पैसेही मिळवत होत्या. डोरोथीच्या नकारामागे काय होतं ते एका प्रसंगात नीट दिसतं. मार्च १८०८ मध्ये ग्रासमियरजवळच्या ईझडेलचं जॉर्ज आणि सेरा ग्रीन हे गरीब जोडपं एका लिलावाहून परतताना बर्फाच्या वादळात डोंगरावर मेलं. घरी सहा मुलं, थोरली जेन अकरा वर्षांची. आईबाप येत नाहीत म्हटल्यावर त्या पोरीने दोन दिवस धाकट्यांना सांभाळलं. मुलांसाठी वर्गणी गोळा झाली, त्यात वर्ड्‌स्वर्थ मंडळी पुढे होती. विल्यमच्या सांगण्यावरून डोरोथीने सगळी हकीकत लिहून काढली. तिच्या सगळ्या लेखनात मला हेच सर्वांत बांधीव वाटतं. मित्रांनी छापण्याचा आग्रह धरला. १८१० च्या डिसेंबरात कॅथरीन क्लार्कसनला तिने कळवलं की लेखक म्हणून मिरवण्याची कल्पनाच मला नकोशी आहे, पण नकाराचं कारण ते नाही. कारण ती मुलं. ती अजून इथेच वाढतायत, लोकांच्या कुतूहलाचा विषय का व्हावीत? तीस-चाळीस वर्षांनी बघू.

पुस्तक छापलं गेलं १९३६ मध्ये.

हे कारण मला अजून अस्वस्थ करतं. भिकाऱ्यांवर, जळवावाल्यावर भावाने कविता छापल्या तेव्हा कुणाची परवानगी घेतली नव्हती; तिने मात्र जेनच्या वतीने विचार केला. अर्थात नुसतीच उदात्तता होती असंही म्हणवत नाही. ‘मिरवण्याची कल्पना नकोशी’ हे वाक्यही तिचंच आहे, आणि भावाच्या सावलीत राहिलेल्या माणसाला ते वाक्य फार सहज सुचतं. १८०३ च्या स्कॉटलंडच्या सफरीचं तिचं पुस्तक छापायची खटपट तिच्या हयातीत झाली, पण ते निघालं १८७४ मध्ये, ती गेल्यावर एकोणीस वर्षांनी. तिच्या काही कविता १८१५ मध्ये विल्यमच्या संग्रहात आल्या, ‘एका मैत्रिणीच्या’ म्हणून, नावाशिवाय. आणि १८१८ मध्ये मेरी बार्कर या मैत्रिणीबरोबर ती स्काफेल पाइक हे इंग्लंडातलं सर्वांत उंच शिखर चढली, त्याचं तिचं वर्णन विल्यमने आपल्या प्रवासमार्गदर्शिकेत घातलं, तेही तिचं नाव न देता. चोरीचा खटला कुठे चालवायचाच असेल तर तो डॅफोडिलवर न चालवता इथे चालवा. इथे शब्दही तिचेच होते आणि पायही.

शेवटची वीस वर्षं वाईट गेली. १८२९ मध्ये ती मोठ्या आजारातून उठली ती पूर्वीची राहिली नाही, आणि १८३५ पासून तिचं मनही ढासळत गेलं. विल्यमने तिला कुठे ठेवलं नाही. राइडल माउंटच्या घरीच, चाकाच्या खुर्चीतून अंगणात फिरवत सांभाळलं. तो १८५० मध्ये गेला, ती १८५५ मध्ये. पण त्याआधी, १८३२ मध्ये, अंथरुणावर पडल्या पडल्या तिने एक कविता केली होती. चौतीस वर्षांपूर्वी टिंटर्न अ‍ॅबी या जुन्या मठाच्या परिसरावरच्या कवितेत भावाने तिला सांगितलं होतं, की पुढे कधी भीती, वेदना, एकाकीपण वाट्याला आलंच तर या रानाची आठवण तुला सावरेल. खोलीत कुणीतरी वसंतातली पहिली फुलं आणून ठेवली आणि तिने लिहिलं: आता चालण्याची गरज नाही, ताकदीची नाही, वाऱ्याचीही नाही, आठवणीबरोबर मी तिथेच आहे. तिथे तिने त्याचे शब्द सरळ उचलले आहेत. त्याला कुणी कधी चोरी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

वाचायचं कसं, ते आता. पामेला वूफ यांनी संपादित केलेली ग्रासमियरच्या डायरीची आवृत्ती घ्या. टिपा भरपूर आहेत आणि त्या तऱ्हेवाईक नाहीत. १५ एप्रिलला थेट उडी मारू नका, सगळे तेच करतात. १४ मे १८०० पासून रोज दोन-तीन पानं, झोपण्याआधी. दातदुखी, डोकेदुखी, भाजलेल्या पाई, दाराशी आलेले भिकारी, विल्यमला झोप लागली नाही, हे पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वगळू नका, कारण त्यातूनच मधे एखादा चंद्र असा उगवतो की पुस्तक मिटून ठेवावं लागतं. कविता शेजारी उघडी ठेवायचा मोह पहिल्या वाचनात टाळा. डिसेंबर १८०० नंतर दहा महिन्यांची एक वही हरवलेली आहे, तिथे बिचकू नका. आणि शेवट अजिबात चुकवू नका.

डायरी जवळपास संपते ती १६ जानेवारी १८०३ च्या नोंदीशी. रविवार, कडाक्याची थंडी. विल्यमला जिंजरब्रेड, म्हणजे आलं घातलेला गोड केक, खावासा वाटला. डोरोथी मॉलीचा झगा अंगावर घेऊन मॅथ्यू न्यूटनकडे निघाली. मॅथ्यू आंधळा. तो, त्याची बायको आणि बहीण रविवारचे स्वच्छ कपडे घालून शेकोटीशी बसलेले; बहीण वाचत होती. हिला जाड जिंजरब्रेड हवं होतं, ते नव्हतं. त्यांनी फडताळातून होतं नव्हतं ते पातळच काढलं, हिने सहा पेन्सचं घेतलं. पैसे दिल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की आम्ही घरीच करणार आहोत हे सांगायला हिची जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई जाड जिंजरब्रेड घेऊन दाराशी हजर. इकडे यांचं भाजणं चालूच होतं. तरी त्यांनी दोन पेन्सचं घेतलं.